मानाची खुर्ची

खांब पाडायला माणसं आली तेव्हा गिरणी चालू होती, म्हणून मला करवतीचा आवाज आलाच नाही. तेजल धावत आत आली आणि दळण अर्धवट असताना तिनं सरळ खटका खाली ओढला. माझ्या गिरणीच्या खटक्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे त्या पोरीला रांगत होती तेव्हापासून माहीत. मी खेकसणारच होते, पण तिचं तोंड बघितलं आणि शब्द गिळला.

"आत्या, खांब कापतायत," ती म्हणाली.

तशीच पीठभरल्या हातांनी निघाले. मैदान गिरणीच्या समोरच, रस्ता ओलांडला की आलं. एक खांब आडवा झालेला होता. दुसऱ्याला करवत लागली होती. बाभळीचे ते दोन खांब मी स्वतः सुताराकडून गोल करून घेतले होते, पोरींच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून महिनाभर एरंडेल तेल पाजलं होतं. तेजल आणि कॉलनीतल्या आठ-दहा पोरी त्या दोन खांबांच्या मधे सकाळ-संध्याकाळ खो-खो खेळायच्या. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि यंदा तेजल त्यात येणार असं तिचे सर छातीठोक सांगत होते. ती माझ्या भावाची मुलगी. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आले त्या वर्षी जन्मली, त्यामुळं ती माझीच, असं मी धरून चाललेली.

खांबाजवळ सुहास कणसे उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. बँकेत मॅनेजर, आणि आमच्या कॉलनीच्या मंडळाचा अध्यक्ष. इचलकरंजीत आमच्या कॉलनीला कुणी फारसं ओळखत नाही, पण कणसेसाहेबांची कॉलनी म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो, असा त्याचा दरारा. कुणाचं ना कुणाचं काही ना काही काम त्याच्या टेबलावर असायचंच, म्हणून त्याच्यापुढं सगळे मूग गिळून गप्प.

मला बघून तो हसला. मला सांगायलाच येणार होता म्हणे. इथं आता बालोद्यान होणार, त्याच्या वडिलांच्या, आण्णासाहेबांच्या नावानं. खाली रबराची फरशी, म्हणजे मूल पडलं तरी लागायचं नाही. प्लास्टिकची घसरगुंडी, कडेनं जाळी, फाटक, कुलूप. परदेशात असतं अगदी तसं. मी म्हटलं, निवड दिवाळीनंतर आहे, तेवढी होऊन जाऊ दे, मग काय ते पाड. तर म्हणाला, या उन्हाळ्याच्या सुट्टीतच काम उरकायला हवं, ठेकेदार ठरलाय, आणि पोरी अशा धडाधड पडतात, उद्या एखादीचा हात मोडला तर जबाबदारी कुणाची?

"मग पोरींनी खेळायचं कुठं?" मी विचारलं.

"खेळू देत की," तो म्हणाला. "त्यांना कोण नको म्हणतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांबाचं दुःख होतंच, पण आग गेली ती त्या वाक्यानं. हेच वाक्य, याच तोंडून, याच मैदानात मी आधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

दुसरा खांब पडला. तेजलनं खाली वाकून खांबाच्या बुंध्यातली थोडी लाल माती उचलली, मुठीत धरली आणि घरी गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले, माणसं खांब ट्रॉलीत टाकून घेऊन जाईपर्यंत.

या मैदानानं तरी काय काय बघितलं असेल. आमच्या लहानपणी तिथं काहीच नव्हतं, म्हणून सगळं होतं. एक कडुलिंब, दगडगोटे, पावसाळ्यात डबकं. लगोरीला फरशीचे तुकडे, विटीदांडूला सरपणातलं लाकूड. गुडघे फुटायचे, त्यावर माती दाबायची आणि परत पळायचं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मंडळानं लोखंडी घसरगुंडी आणली. उन्हात अशी तापायची की पोरं ढुंगणाखाली गोणपाट घेऊन घसरायची. त्यात भावाचा पुढचा दात गेला, अजून हसला की दिसतं. मग क्रिकेट आलं, मग घसरगुंडी गंजून गेली आणि भंगारवाल्यानं नेली. बरीच वर्षं मैदान नुसतं पडून होतं, लोक गाड्या लावायचे. तेजल खो-खोला लागली तेव्हा मी आणि माझ्या भावानं ते साफ केलं, गाडीभर लाल माती चाळून टाकली, खांब पुरले. गेली तीन-चार वर्षं परत धूळ उडत होती.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात बालोद्यानाचं फाटक उघडलं. खरं सांगते, दिसायला गोड होतं. निळी-पिवळी घसरगुंडी, मऊमऊ जमीन. आणि फाटकावर पाटी. आठ वर्षांवरच्या मुलांना प्रवेश नाही. चेंडू आणू नये. पळापळीचे खेळ खेळू नयेत. आवाज करू नये. संध्याकाळी दोन तास उघडणार, बाकी वेळ कुलूप, आणि किल्ली कणसेसाहेबांच्या घरी. आया पोरांना बोटाला धरून न्यायच्या, घसरगुंडीवर एकेकाला सोडायच्या, खाली दुसरीनं झेलायचं. पोरं बिचारी रांगेत. एक पोरगं रांगेत उभं राहून जांभया देत होतं, मी डोळ्यांनी बघितलं.

तेजल आणि तिच्या मैत्रिणी रस्त्यावर पळायला लागल्या. पंधरा दिवसांत एका पोरीला सुताच्या टेम्पोचा धक्का बसला. फार नाही लागलं, पण तिच्या आईनं खेळणंच बंद केलं. मग दुसरीच्या आईनं. शेवटी तेजल एकटी उरली. खो-खो काय एकटीनं खेळायचा खेळ आहे? ती ओट्यावर बसायची आणि बसल्या जागी तिचे पाय हलत राहायचे, आता कुणी मागून पाठीवर थाप मारून खो देईल आणि उठायचंय, असे. मी गिरणीतून ते बघायची. सरांनी निरोप पाठवला, सराव नसेल तर निवडीला येऊन उपयोग नाही.

आता दहा वर्षांच्या मालनचं सांगते. मालन म्हणजे मी.

मी पळायला वाऱ्यासारखी होते. ही बढाई नाही, माझ्या वयाचं कुणीही सांगेल. आम्ही शिवाशिवी खेळायचो. ज्याच्यावर राज्य, त्यानं बाकीच्यांना पकडून शिवायचं, जो शिवला गेला तो बाद. सुहास माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मैदानाचा मालक असल्यासारखा. कारण चेंडू त्याचा, पाणी प्यायचं ते त्याच्या घरच्या नळावर, आणि भांडण झालं तर निवाडा त्याच्या ओट्यावर. त्या मे महिन्यात त्याचे कोल्हापूरचे मामेभाऊ आले होते. माझ्यावर राज्य आलं आणि मी दरवेळी पहिला सुहासलाच धरला. मामेभाऊ हसून हसून लोळायला लागले, पोरीनं धरला, पोरीनं धरला करत. त्याचे कान लाल झालेले मला अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुटायला गोल करून हात पुढं केले, म्हणजे राज्य कुणावर ते ठरवायला. सुहासनं माझा हात बाजूला सारला आणि सगळ्यांना सांगितलं, मालन लिंबूटिंबू.

लिंबूटिंबू म्हणजे काय ते आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. शेंबडी, चड्डी सावरत पळणारी तीन-चार वर्षांची पोरं मोठ्यांच्या खेळात शिरायला रडायची, त्यांची ती सोय. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला शिवलं तरी ते बाद नाही, त्यानं शिवलं तरी कुणी बाद नाही. ते आपलं सगळ्यांबरोबर धावतं, ओरडतं, त्याला वाटतं आपण खेळतोय. लहानग्यांना त्यात काही वाईट नाही. पण मी दहा वर्षांची होते आणि त्या मैदानात माझ्याएवढं जोरात कुणी पळत नव्हतं.

मला वाटलं, एक दिवसाचा राग असेल. ती सगळी सुट्टी तशीच गेली. मी जिद्दीनं पळायची, एकेकाला गाठून शिवायची, आणि पोरं हसून पुढं जायची. लिंबूटिंबूनं शिवलं तर चालत नाही. माझ्या मैत्रिणीसुद्धा तेच म्हणायला लागल्या, कारण नाहीतर त्यांच्यावर पाळी आली असती. त्यांच्यावर माझा राग नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी बिराजदार सर कॉलनीत आले. शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ नव्यानं उभा करायचा होता, म्हणून ते गल्लीगल्लीतून खेळणाऱ्या पोरी बघत फिरत होते. मला ते कळलं आणि मी त्या दिवशी जीव तोडून पळाले. एकेकाला वळवून, झुकांड्या देऊन धरला. सर कडुलिंबाखाली सायकल धरून उभे होते. त्यांनी विचारलं, ती लाल फितीची मुलगी कोण?

"ती होय? ती लिंबूटिंबू आहे, सर," सुहासनं सांगितलं. "तिला कुणी धरत नाही, म्हणून पळते."

सर हसले. मग त्यांनी दुसऱ्या दोन पोरींची नावं लिहून घेतली आणि सायकलवर बसून गेले. मी बघत राहिले, ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत. मग मी सुहासपुढं जाऊन उभी राहिले. तोवर मी त्याच्यापुढं कधी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. मी म्हटलं, मला खेळात घेऊ नको, हाकलून दे, पण असं करू नको. मला बाद तरी कर.

त्यानं अगदी शहाण्यासारखं तोंड केलं. "खेळ की," म्हणाला. "तुला कोण नको म्हणतंय?"

त्यानंतर मी मैदानात गेले नाही. वडिलांबरोबर गिरणीत बसायला लागले, ती आजतागायत बसलेय. लग्न झालं, मोडलं, परत आले, गिरणी तिथंच. आणि समोर ते मैदान. लोक म्हणतात पोरवयातल्या गोष्टी माणूस विसरतो. विसरत असतील लोक. मी रोज गिरणीचं दार उघडायची आणि रोज तो कडुलिंब दिसायचा.

तर आता तेजल ओट्यावर बसून पाय हलवत होती, आणि मी ठरवलं, या माणसाची जिरवायचीच.

गिरणीत बायका दळणाला येतात. पट्ट्याच्या आवाजात बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, म्हणून बाहेरच्याला वाटतं भांडणं चाललीत, पण कॉलनीतली सगळी खलबतं तिथंच होतात. शोभा माळी माझी जुनी मैत्रीण. शिवणकाम करते, तोंडानं तिखट, मनानं स्वच्छ. तिची धाकटी तेजलबरोबर खेळायची. ती म्हणाली, अगं, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की मंडळाची वार्षिक सभा आहे, त्याला अध्यक्षपदावरून काढूया. पण काढणार कोण? समोर उभं राहून हात वर करायची छाती कुणाची? सगळ्यांची कामं त्याच्याकडं.

"काढायचं कशाला?" मी म्हटलं. "वर बसवूया."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मंडळाचे चिटणीस तोडकर, साधा माणूस, सुहास त्यांना चारचौघांत "ए तोडकर" म्हणायचा. त्यांना बोलावून सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, हे नक्की करायचं का, आणि मी हो म्हटल्यावर म्हणाले, मी तयार आहे. मग महिनाभर ज्या ज्या बाईचा डबा गिरणीत आला, तिच्या कानावर मी एकच गोष्ट घातली. येत्या सभेत कणसेसाहेबांचा सत्कार करायचाय, सगळ्यांनी यायचं, आणि शोभाचं नाव निघालं की हात वर करायचा. सत्काराला कोण नाही म्हणणार?

सुहासला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याच्या ओट्यावर. म्हटलं, साहेब, तुम्ही एवढं देखणं बालोद्यान उभं केलंत, कॉलनीनं तुमचा मान करायला हवा. त्यानं आधी नको नको केलं. मग विचारलं, फेटा बांधणार का? मी म्हटलं, बांधणार तर. तो फेटावाला कुठला, हेही त्यानंच सांगितलं.

तेजलला हे कळलं तेव्हा ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. एका दुपारी मात्र गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तू त्याला हार घालणार, आत्या?"

"घालणार."

"तुला लाज नाही वाटत?"

मी जात्यात गहू ओतत राहिले. तिला सांगता आलं असतं. पण पोरीच्या तोंडावर सगळं दिसतं, आणि मला कुणाच्या तोंडावर काही दिसायला नको होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि बालोद्यानाच्या फाटकासमोरच्या मांडवात सभा बसली. मंडपवाल्याकडून मी सोनेरी हातांची, लाल मखमलीची खुर्ची आणवली होती, नवरदेवाची असते तसली. सुहासला तीत बसवलं. केशरी फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. गर्दी बघून तो फुललाच. माईक बंद पडला, पण मला माईक कशाला लागतोय? गिरणीवालीचा आवाज.

मी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. साहेबांनी कॉलनीसाठी काय काय केलं ते सांगितलं, आण्णासाहेबांचं नाव घेतलं, टाळ्या घेतल्या. मग म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं अध्यक्ष म्हणणं बरं दिसत नाही. अध्यक्ष आज एक असतो, उद्या दुसरा असतो. आजपासून साहेब आपल्या मंडळाचे आजीव मार्गदर्शक. अध्यक्षाच्याही वर. ही खुर्ची कायमची त्यांची, प्रत्येक बैठकीत पहिला मान त्यांचा, पहिला चहा त्यांचा.

टाळ्या थांबेनात. सुहास उभा राहिला. त्यानं शालीच्या टोकानं डोळे पुसले, ते मला कबूल करायला हवं. कॉलनीनं दिलेलं हे पद मी नम्रपणे स्वीकारतो, असं तो म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं फोटो काढला.

तो खाली बसायच्या आत तोडकर उठले. म्हणाले, साहेबांनी मार्गदर्शकपद स्वीकारल्यामुळं अध्यक्षाची जागा रिकामी झालीय, तेव्हा नावं सुचवावीत. सुहास हसला. म्हणाला, अरे, तेही मी बघेन, त्यात काय. तेव्हा शोभा उभी राहिली, पदर खोचून.

"नको हो साहेब," ती म्हणाली. "डोक्याला फेटा बांधलेल्या माणसाला आम्ही परत गटारं आणि पाण्याच्या टाकीमागं पळवायचं? लोक आम्हाला नावं ठेवतील."

मांडव हसला, टाळ्या पडल्या. मी शोभाचं नाव सुचवलं आणि बायकांचे हात वर गेले. बायकांचे बघून पुरुषांचे गेले. सुहासनं इकडं तिकडं बघितलं. अंगावर शाल, मांडीवर नारळ, समोर सगळी कॉलनी कौतुकानं बघतेय. खुर्चीसाठी भांडणार कसा? तोही टाळ्या वाजवायला लागला. फाटकाची किल्ली त्यानं त्याच संध्याकाळी शोभाकडं पाठवून दिली. नवीन अध्यक्षांना त्रास नको म्हणून, असा निरोप होता.

तेजल मांडवाच्या टोकाला उभी होती. ती घरी आली आणि तिनं माझ्यासमोर ताट वाढून ठेवलं.

गणपती झाल्यावर शोभाच्या ओसरीत बैठक झाली. सोनेरी खुर्ची मधोमध. पहिला चहा सुहासला. विषय एकच, बालोद्यानाचं अर्धं रबर काढायचं, पलीकडच्या अर्ध्यात लाल माती टाकून खो-खोचे खांब परत पुरायचे, आणि पाटी काढायची. घसरगुंडी आम्ही ठेवली. लहान पोरांशी माझं काही वैर नव्हतं.

सुहास बराच वेळ बोलला. सुरक्षितता, जबाबदारी, खर्च, बाकीच्या शहरांत काय चाललंय, वडिलांचं नाव. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुणी मधे बोललं नाही, कुणी वाद घातला नाही. शोभा म्हणाली, साहेबांनी फार मोलाचं मार्गदर्शन केलं. आणि तोडकरांनी हात वर करायला सांगितले. बाजूनं जवळजवळ सगळे. मग विरोधात कोण, म्हणून विचारलं. सुहासचे दोन शेजारी आणि सुहास.

"विरोधात दोन," तोडकर म्हणाले.

"तीन," सुहास म्हणाला. हात वरच होता.

"साहेब, मार्गदर्शकांचं मत धरत नाहीत."

"कुठं ठरलंय असं?"

"ठरलं नाही. पण तुम्ही मताच्या वर," तोडकर इतक्या आदरानं म्हणाले की कुणाला हसूही आलं नाही.

सुहासचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि खुर्चीच्या सोनेरी दांड्यावर ठेवला. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी उठून दुसरा चहासुद्धा त्यालाच नेऊन दिला.

घटस्थापनेच्या आत खांब उभे राहिले. तेजलनं स्वतः बुंध्याभोवती माती दाबली. पहिल्या दिवशी चार पोरी आल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या. टेम्पोचा धक्का बसलेली पोरगीही आली, तिची आई कडेला बसून राहिली. सकाळी सहाला खो, खो असं ओरडणं ऐकू आलं की मी खटका टाकायची नाही. थोडा वेळ नुसतं ऐकत बसायची.

सुहास प्रत्येक बैठकीला यायचा. त्याला वाटत असावं, आज तरी. टाकी धुण्याचं असो, दिव्यांचं असो, तो बोलायचा, सगळे माना डोलवायचे, शोभा मोलाचं मार्गदर्शन म्हणायची, आणि व्हायचं ते व्हायचं. चांगलं सुचवलं तरी तेच, वाईट सुचवलं तरी तेच. एकदा तो बैठकीच्या मधेच उठून रागानं दार आपटत निघून गेला. पुढच्या बैठकीला पहिला चहा त्याच्याच हातात. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी आरशात एका मे महिन्यात रोज बघितलं होतं. मला ते ओळखायला वेळ लागला नाही.

तेजलची निवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तो गिरणीत आला. हातात गव्हाचा डबा. त्याच्या घरचं दळण नेहमी कामवाली घेऊन यायची, हा माणूस जन्मात कधी माझ्या दारात डबा घेऊन आला नव्हता. दुसरं कुणी नव्हतं. त्यानं डबा खाली ठेवला आणि काहीतरी बोलला, पण पट्ट्याच्या आवाजात मला ऐकू येईना. मी जातं रिकामं व्हायची वाट बघितली नाही, तसाच खटका ओढला. गिरणी थांबायला थोडा वेळ घेते. तोवर तो खाली बघत उभा होता.

"मालन, हे बंद कर," तो म्हणाला. ताई नाही, अहो नाही, लहानपणीसारखं नुसतं मालन. "मला कळतंय हे तुझं आहे. माझं काही चुकलं असेल तर चारचौघांत सांग. शिव्या घाल. मला मंडळातून काढून टाक. पण हे असं नको. कुणी माझ्याशी भांडतसुद्धा नाही. मी घरी जातो आणि मला वाटतं मी आज गेलोच नव्हतो."

मी त्याचा डबा उचलून जात्याजवळ ठेवला.

"सरळ बाद कर मला," तो म्हणाला.

त्याला आठवत नव्हतं. हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं जे छातीवर घेऊन गहू दळत होते, ते याच्या डोक्यात कुठंही नव्हतं. क्षणभर मला वाटलं, मग काय उपयोग. पण मग मी हात पदराला पुसले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि अगदी शहाण्यासारखं तोंड केलं.

"बस की रे, सुहास," मी म्हटलं. "तुला कोण नको म्हणतंय?"

तो आधी नुसता बघत राहिला. मग त्याची नजर माझ्यावरून रस्त्यापलीकडं गेली, मैदानात, कडुलिंबावर. आणि परत माझ्यावर आली. त्याचे कान हळूहळू लाल झाले.  डबा तिथंच ठेवून तो निघून गेला. मी तो दळून ठेवला, संध्याकाळी त्याची कामवाली येऊन घेऊन गेली. पीठ चांगलं बारीक दळलं होतं, त्यात मी कुचराई केली नाही.

तेजल आता जयसिंगपूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. राज्याच्या संघात तिला जाता आलं नाही, गुडघ्यानं दगा दिला, पण तिच्या हाताखालून दोन पोरी गेल्या. सुट्टीला आली की मैदानात जाऊन खांब हलवून बघते. आताशा पोरं कमी असतात, पण असतात. गेल्या खेपेला तिला सगळं सांगितलं, लाल फितीपासून. ती म्हणाली, आत्या, म्हातारा झाला आता तो, बैठकीला काठी टेकत येतो. सोड की त्याला. एकदाचा काढून टाक मंडळातून.

मी तिला विचारलं, चहा घेणार का.

मखमल झिजली तेव्हा आम्ही खुर्चीला नवं कापड लावून घेतलं. ती मधोमध असते. शोभा मोलाचं मार्गदर्शन म्हणते. तो अजून कधीकधी हात वर करतो, आणि मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बघत बसते. इतकी वर्षं झाली, मी त्याला अजून बाद केलेलं नाही.